शिडावरचा आकडा

बंगळूर शहराच्या आग्नेयेस सर्जापूर गावाकडे जो रस्ता जातो, त्याला लोक नुसते ‘सर्जापूर रोड’ म्हणतात. एका पिढीपूर्वी हा रस्ता नाचणीच्या शेतांमधून आणि लहान लहान खेड्यांमधून जात असे. आज त्याच्या दोन्ही अंगांना उंच इमारतींच्या वसाहती व संगणक कंपन्यांच्या कचेऱ्या उभ्या आहेत, आणि नोकरीच्या निमित्ताने महाराष्ट्रातून आलेली मराठी कुटुंबेही तेथे नांदत आहेत. याच रस्त्याला लागून कैकोंड्रहळ्ळीचा तलाव आहे. बंगळूरचे बहुतेक तलाव निसर्गाने दिलेले नाहीत. पावसाचे पाणी अडवण्यासाठी मागील पिढ्यांनी बांध घालून ते निर्माण केले आहेत. सुमारे ४८ एकरांचा हा तलावही मध्यंतरी दुर्दशेला पोचला होता. २०१० च्या सुमारास नागरिक व महानगरपालिका यांनी मिळून त्याचा जीर्णोद्धार केला.

सकाळच्या प्रहरी या तलावाच्या बांधावर उभे राहणाऱ्याला दोन प्रकारच्या रहदारीचा अनुभव एकाच वेळी येतो. पाण्यावर पाणपक्षी आपापल्या वाटेने शांतपणे जात असतात. आणि झाडांच्या पलीकडून मोटारींच्या भोंग्यांचा अखंड कोलाहल ऐकू येत असतो. चौकात पोलीस उभा असेल तोवर चारी दिशांची वाहने आपापली पाळी सांभाळतात. त्याची पाठ फिरली की प्रत्येकाला आपलेच काम तातडीचे वाटू लागते, आणि घटकाभरात चारी वाटा एकमेकींत अडकून बसतात. पहारेकरी नसताना माणसे नियम पाळतात काय, आणि पाळत असतील तर कशाच्या बळावर, हा प्रश्न राज्यशास्त्राइतकाच जुना आहे. त्याचे उत्तर मोठमोठ्या ग्रंथांत शोधले जाते. परंतु ते एका लहानशा खेळातही सापडते. आणि तो खेळ म्हणजे शिडाच्या छोट्या होड्यांची, म्हणजेच मॉडेल यॉटची शर्यत.

कैकोंड्रहळ्ळीच्या पाण्यात अशा होड्या सोडाव्यात असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. ते पाणी पक्ष्यांचे आहे व बांध फिरायला येणाऱ्यांचा आहे. पण या खेळाला किती थोडी जागा पुरते हे लक्षात येण्यासाठी त्या तलावाचे माप उपयोगी पडेल. लंडनमधील केन्सिंग्टन उद्यानात ‘राउंड पाँड’ नावाचे एक तळे आहे. ते १७३० साली तयार झाले. त्याचा विस्तार अवघा सात एकरांच्या आसपास, म्हणजे आपल्या या तलावाच्या सातव्या हिश्शाएवढा. एवढ्याशा पाण्यावर एकोणिसाव्या शतकात हौशी मंडळींनी मॉडेल यॉटच्या शर्यती सुरू केल्या, क्लब स्थापन केले, नियम ठरवले. त्या काळी होडी एकदा पाण्यात सोडली की तिच्यावर माणसाची हुकमत उरत नसे. शिडे व सुकाणू आधीच योग्य त्या कोनात बांधून ती सोडायची, आणि काठाकाठाने धावत जाऊन ती किनाऱ्याला लागताच लांब काठीने वळवून पुन्हा पाण्यात लोटायची, असा तो खेळ होता. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातील मार्बलहेड या बंदराच्या गावी १९३० साली पन्नास इंच लांबीच्या व आठशे चौरस इंच शिडाच्या होडीचा एक वर्ग ठरवण्यात आला. त्या गावाचेच नाव त्या वर्गाला मिळाले.

पुढे रेडिओच्या लहरींनी दुरून यंत्र हलवण्याची सोय झाली, आणि या खेळाचे रूप पालटले. आजची होडी पाण्यात असते, तिचा नाखवा काठावर असतो, आणि त्याच्या हातात एक लहानशी पेटी असते. या पेटीच्या साहाय्याने त्याला मुख्यत्वे दोनच गोष्टी करता येतात : सुकाणू फिरवणे आणि शिडाची दोरी ओढणे किंवा सैल सोडणे. होडीला पुढे ढकलणारे इंजिन नसते. तिला नेणारा वाराच. १९८८ साली ‘इंटरनॅशनल वन मीटर’ हा वर्ग निर्माण झाला व तो जगभर लोकप्रिय ठरला. या होडीची लांबी एक मीटरपेक्षा अधिक चालत नाही आणि वजन चार किलोग्रॅमपेक्षा कमी चालत नाही. तळाशी खाली उतरलेल्या पात्याच्या टोकाला शिशाचा गोळा असतो. त्यामुळे वाऱ्याने ती कितीही कलली तरी पुन्हा उभी राहते. वाऱ्याच्या जोराप्रमाणे तीन मापांच्या शिडांपैकी कोणतेही वापरण्याची मुभा असते. बळाचा येथे प्रश्नच येत नाही. त्यामुळे सत्तर वर्षांचे आजोबा आणि बारा वर्षांची नात यांना एकाच शर्यतीत बरोबरीच्या नात्याने उतरता येते.

शर्यतीची आखणी साधी असते. पाण्यात तरंगत्या खुणा नांगरून ठेवलेल्या असतात. त्यांना ठरलेल्या बाजूने वळसा घालून शेवटची रेषा ओलांडायची. आरंभ मात्र मोठा चित्तवेधक असतो. पायी धावण्याच्या शर्यतीत धावपटू रेषेवर स्थिर उभे राहतात. होडीला असे उभे राहता येत नाही. म्हणून आरंभापूर्वीच्या मिनिटात सर्व होड्या रेषेच्या मागे घिरट्या घालीत असतात, आणि काठावरून दर दहा सेकंदांनी उरलेला वेळ मोठ्याने पुकारला जातो. शेवटचे दहा सेकंद एकेक करून मोजले जातात. संकेत होण्यापूर्वी ज्याची होडी रेषेपुढे गेली, त्याने माघारी फिरून पुन्हा रेषा ओलांडायची. पंधरा-वीस होड्या अशा एका अरुंद रेषेपाशी एकवटल्या की वाटेच्या अग्रहक्काचे नियम किती आवश्यक आहेत हे पाहणाराला वेगळे सांगावे लागत नाही.

हे नियम नवशिक्यालाही अर्ध्या तासात समजावेत इतके सुबोध आहेत. समोरासमोरून येणाऱ्या दोन होड्यांपैकी एकीला वारा उजव्या अंगाने व दुसरीला डाव्या अंगाने लागत असेल, तर डाव्या अंगाने वारा घेणारीने वाट सोडायची. दोघींना एकाच अंगाने वारा लागत असून त्या शेजारीशेजारी असतील, तर वाऱ्याच्या बाजूला असलेलीने पलीकडच्या होडीपासून दूर राहायचे. कारण वाऱ्याकडची होडी दुसरीचा वारा अडवते, तेव्हा जिच्या हाती सामर्थ्य तिच्यावर बंधन अधिक. एक मागे व एक पुढे असेल, तर मागचीने पुढचीला सांभाळायचे. जी होडी वाऱ्यातून तोंड वळवून बाजू बदलत आहे, तिने वळण पुरे होईपर्यंत इतरांपासून अलग राहायचे. खुणेपाशी पोचताना आतल्या बाजूच्या होडीला वळण्यापुरती जागा द्यायची. मोठ्या होड्यांच्या बाबतीत हा हक्क तीन होड्यांच्या लांबीच्या अंतरावर सुरू होतो, छोट्या होड्यांच्या बाबतीत चार. काठावरून पाहणाऱ्याच्या नजरेला अंतराचा अंदाज नेमका येत नाही, म्हणून ही एका लांबीची सवड.

परंतु या सर्वांच्या वर एक नियम आहे, आणि त्यातच या नियमावलीचे मर्म साठवले आहे. टाळता येण्याजोगी धडक टाळणे हे प्रत्येक होडीचे कर्तव्य आहे. ज्या होडीला वाटेचा हक्क आहे तिचेसुद्धा. समोरचा वाट सोडीत नाही हे स्पष्ट होईपर्यंत हक्कदाराने आपला मार्ग बदलण्याचे कारण नाही. पण ते स्पष्ट झाल्यावर मात्र ‘हक्क माझा आहे’ एवढ्याच आधारावर त्याला जाऊन आदळता येत नाही. धडकेत नुकसान झाले तर हक्कदारही दोषी ठरू शकतो. त्याचप्रमाणे ज्याला नव्याने हक्क प्राप्त झाला, त्याने दुसऱ्याला बाजूला होण्यापुरती जागा व अवधी देणेही आवश्यक आहे. हक्काची ही कल्पना विचार करण्यासारखी आहे. सर्जापूर रोडवरच्या चौकात दिवा हिरवा होताच समोर अडकलेल्या रिक्षावर गाडी घालणारा मनुष्य खोटे बोलत नसतो; हक्क खरोखरच त्याचा असतो. त्याला एवढेच ठाऊक नसते की हक्क हे वाट मिळवण्याचे साधन आहे, दुसऱ्याला धडा शिकवण्याचे शस्त्र नव्हे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. हे नियम मोडले तर शिक्षा कोण करतो? हुतूतूच्या मैदानात पंच असतो, क्रिकेटमध्ये दोन पंच असतात व हल्ली छायाचित्रे पाहणारा तिसराही असतो. फलंदाजाच्या बॅटला चेंडू लागला की नाही हे ठरवण्याची जबाबदारी पंचाची, म्हणून फलंदाज बहुधा स्वस्थ उभा राहतो. लोकही त्याला फारसा दोष देत नाहीत. शिडाच्या होड्यांच्या सर्वसाधारण शर्यतीत मात्र असा पंच नसतो. नियम पाळणे आणि ते अंमलात आणणे ही दोन्ही कामे स्पर्धकांवरच सोपवलेली आहेत. आपल्याकडून नियम मोडला गेला हे ज्याच्या ध्यानात आले, त्याने कोणी सांगण्याची वाट न पाहता आपणहून शिक्षा घ्यावी, हे या खेळातील खिलाडूवृत्तीचे पहिले तत्त्व म्हणून नियमावलीच्या आरंभीच नमूद केलेले आहे.

ही शिक्षाही मोठी अर्थपूर्ण आहे. इतर होड्यांपासून बाजूला होऊन त्याच जागी एक संपूर्ण गिरकी घ्यायची आणि मग शर्यत पुढे चालू ठेवायची. मोठ्या होड्यांना अशा प्रसंगी सामान्यतः दोन गिरक्या घ्याव्या लागतात, छोट्या होडीला एक पुरते. या गिरकीत काही क्षण जातात आणि तेवढ्यात तीन-चार होड्या पुढे निघून जातात. म्हणजे चूक झाली तर तिची किंमत त्याच ठिकाणी चुकती करून मनुष्य मोकळा होतो. शर्यतीतून बाद होत नाही की मनात अढी ठेवून घरी जात नाही. गिरकी घेऊनही चुकीचा फायदा शिल्लक उरत असेल तर छोट्या होडीला आणखी एक गिरकी घ्यावी लागते. आणि आपल्या चुकीमुळे दुसऱ्याची होडी निकामी होऊन त्याला शर्यत सोडावी लागली, तर आपणही शर्यत सोडायची. गुन्ह्याच्या मानाने दंड, आणि तोही तत्काळ, ही व्यवस्था अनेक न्यायालयांना हेवा वाटावा अशी आहे.

येथे छोट्या होडीच्या खेळात एक अडचण उपस्थित होते, आणि ती अडचणच त्या खेळाची खरी कसोटी आहे. मोठ्या होडीत मनुष्य स्वतः बसलेला असतो. दुसरी होडी घासली तर तो धक्का त्याच्या अंगाला जाणवतो. छोट्या होडीचा नाखवा मात्र दूर काठावर उभा असतो. दोन शिडे एकमेकांवर आल्यासारखी दिसतात. प्रत्यक्षात त्यांच्यामध्ये हातभर पाणी असू शकते, किंवा नाळ नाळेला पुसटशी टेकूनही गेलेली असू शकते. एकाला लागली असे वाटते, दुसऱ्याला नाही असे वाटते, आणि दोघेही प्रामाणिक असतात. म्हणून मोठ्या स्पर्धांत निरीक्षक नेमले जातात. दोन होड्यांचा स्पर्श झाला की ते त्यांचे आकडे पुकारतात. पण चूक कोणाची हे निरीक्षक सांगत नाही. तो फक्त स्पर्श झाला एवढेच जाहीर करतो. गिरकी कोणी घ्यायची ते त्या दोघांनी आपापल्या मनाशी ठरवायचे.

अशा वेळी माणसाच्या बुद्धीची चलाखी पाहण्यासारखी असते. क्षणभरापूर्वी ज्याची खात्री होती, ते आता संशयास्पद वाटू लागते. वारा अचानक फिरला होता, असे आठवते. त्यानेच उशिरा वळण घेतले, असे दिसू लागते. शेवटी ‘मला नक्की दिसले नाही’ या वाक्याचा आसरा घेतला जातो. हे वाक्य बहुधा खरेच असते आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. संशयाचा फायदा आरोपीला द्यावा हे न्यायाचे तत्त्व आहे. पण जेथे आरोपी आणि न्यायाधीश एकच, तेथे ते तत्त्व उलटे लावावे लागते. आपल्या चुकीविषयी संशय असेल तर गिरकी आपण घ्यावी. नियमावलीत असे लिहिलेले नाही, पण कोणत्याही चांगल्या क्लबाची लौकिकाची पुंजी अशा न लिहिलेल्या नियमांतच असते.

या चित्राची दुसरी बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. स्वतःची चूक मान्य करणे हे अर्धे कर्तव्य झाले. दुसऱ्याच्या चुकीवर उघडपणे हरकत घेणे हे उरलेले अर्धे. आणि आपल्या समाजात हे दुसरे अर्धे अधिक अवघड जाते. ‘जाऊ द्या हो, खेळच तर आहे,’ असे म्हणून आपण मैदानात गप्प बसतो, त्याला औदार्य समजतो, आणि मग चहाच्या टेबलावर तासभर त्याच माणसाच्या पाठीमागे त्याचे वाभाडे काढतो. शिडाच्या होड्यांचा खेळ या सवयीला थारा देत नाही. हरकत घ्यायची असेल तर ती त्याच क्षणी, सर्वांना ऐकू जाईल अशी, आपला व समोरच्याचा आकडा पुकारून घ्यायची. ती ऐकून समोरच्याने गिरकी घेतली तर प्रकरण तेथेच मिटले. त्याला मान्य नसेल तर शर्यतीनंतर लेखी तक्रार करायची, आणि समितीपुढे दोघांनी आपापली बाजू मांडायची. ज्याचा निकालात हितसंबंध आहे तो समितीवर बसू शकत नाही. दोघांनाही एकमेकांचे म्हणणे ऐकण्याचा व साक्षीदारांना प्रश्न विचारण्याचा हक्क असतो. समितीने काढलेल्या वस्तुस्थितीविषयीच्या निष्कर्षांवर अपील चालत नाही. नियमाचा अर्थ किंवा चौकशीची पद्धत चुकली असेल तरच ते करता येते. न्यायालयात वावरलेल्यांना ही रचना ओळखीची वाटेल.

हरकत त्याच क्षणी का घ्यावी याचे एक प्रसिद्ध उदाहरण १९३४ सालच्या ‘अमेरिका कप’च्या शर्यतीत घडले. ब्रिटनच्या ‘एन्डेव्हर’ या होडीचे मालक टॉमस सॉपविथ हे विमाने बांधणारे मोठे उद्योजक. त्यांनी पहिल्या दोन शर्यती जिंकल्या होत्या. अमेरिकेच्या ‘रेनबो’चे सुकाणू हॅरल्ड व्हॅन्डरबिल्ट यांच्या हाती होते. चौथ्या शर्यतीत दोन होड्या एकमेकींच्या अगदी निकट आल्या आणि सॉपविथ यांनी हरकत घेतली; पण हरकतीचे निशाण त्यांनी प्रसंग घडताच न लावता शर्यतीच्या अखेरीस समितीच्या होडीजवळून जाताना लावले. निशाण ताबडतोब लावलेले नाही, एवढ्या कारणावरून समितीने तक्रार ऐकून घेण्यासच नकार दिला. पुढे ‘रेनबो’ने ४-२ अशा फरकाने कप राखला. खरी चूक कोणाची होती यावर लोक अद्याप वाद घालतात, आणि हेच त्या निर्णयाचे वैगुण्य. तक्रार ऐकली गेली असती तर निकाल काहीही लागला असता, पण वाद मिटला असता.

याच व्हॅन्डरबिल्ट यांनी पुढे वाटेच्या अग्रहक्काचे नियम मुळापासून नव्याने मांडण्यासाठी परिश्रम घेतले, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. पत्त्यांतील काँट्रॅक्ट ब्रिजचे गुणलेखन त्यांनीच १९२५ साली बसवले होते. नियमांच्या घडणीत त्यांची बुद्धी विशेष रमत असे. त्यांची मांडणी प्रथम अमेरिकेत आणि मग हळूहळू सर्व जगात मान्य झाली. शर्यतींचे नियमन करणारा आंतरराष्ट्रीय संघ १९०७ साली स्थापन झाला होता. आज तो ‘वर्ल्ड सेलिंग’ या नावाने ओळखला जातो. दर चार वर्षांनी तो नियमावलीची फेरतपासणी करतो, आणि तिच्या एका परिशिष्टात रेडिओच्या छोट्या होड्यांसाठी आवश्यक ते फेरफार दिलेले असतात. ऑलिंपिकमध्ये उतरणारा नाविक आणि तळ्याकाठचा हौशी मनुष्य हे दोघे मुळात एकाच कायद्याचे प्रजाजन आहेत.

या कायद्यातील अगदी पहिली कलमे जिंकण्याविषयीची नाहीत. संकटात सापडलेल्या माणसाला किंवा होडीला शक्य ती सर्व मदत करणे, हे पहिले कलम. १९८८ साली सोल ऑलिंपिकमधील होड्यांच्या शर्यती पुसान येथे चालू होत्या. २४ सप्टेंबरला वारा फार वाढला. ‘फिन’ वर्गाच्या शर्यतीत कॅनडाचे लॉरेन्स लेमिउ दुसऱ्या स्थानावर होते. तेवढ्यात दुसऱ्या वर्गातील सिंगापूरची होडी उलटून तिचे दोन नाविक पाण्यात पडलेले त्यांना दिसले. लेमिउ यांनी शर्यतीचा मार्ग सोडला, त्या दोघांना आपल्या होडीवर घेतले, मदतीची नौका येईपर्यंत थांबले, आणि मग शर्यत पुरी केली. पण तोवर ते फार मागे पडले होते. पंचमंडळाने त्यांना त्या शर्यतीत दुसरा क्रमांक बहाल केला. ही मेहरबानी नव्हती. मदत करताना ज्याचे स्थान गेले त्याची भरपाई व्हावी, अशी तरतूद नियमांतच आहे. चांगुलपणाची किंमत चांगल्या माणसाला एकट्याने मोजावी लागू नये, एवढी काळजी हा कायदा घेतो. लेमिउ यांना पदक मिळाले नाही. परंतु खिलाडूवृत्तीसाठी दिले जाणारे पिअर द कुबेर्तँ यांच्या नावाचे पदक त्यांना अर्पण करण्यात आले.

तेच पदक २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकनंतर क्रोएशियाच्या पाव्हले कोस्तोव व पेतार त्सुपाच या जोडीला मिळाले. या शर्यती चिंगदाओच्या समुद्रात होत होत्या. शेवटच्या निर्णायक शर्यतीला निघताना डेन्मार्कच्या जोडीची डोलकाठी मोडली. क्रोएशियाची जोडी त्या शर्यतीस पात्र ठरली नव्हती. तिने आपली होडी देऊ केली. डॅनिश जोडी उशिराने रेषेवर पोचली, सातवी आली, आणि एकूण गुणांत सुवर्णपदकाची मानकरी ठरली. होडी बदलण्यावर इटली व स्पेन यांनी आक्षेप घेतले. ते रीतसर ऐकले गेले व फेटाळले गेले. येथे होडी देणारे थोर ठरले हे उघड आहे. पण आक्षेप घेणारेही क्षुद्र ठरत नाहीत. जी शंका सनदशीर मार्गाने विचारली गेली व जिचे उत्तर सनदशीर मार्गाने मिळाले, तिने त्या सुवर्णपदकाचा मान उलट वाढवलाच.

आपल्याकडे हा खेळ अगदी परका आहे असे म्हणता येणार नाही. कोकण किनाऱ्यावर शीड, डोलकाठी, सुकाणू, नाळ हे शब्द जिवंत आहेत आणि तांडेल या शब्दाला आजही वजन आहे. मुंबई बंदरात रॉयल बॉम्बे यॉट क्लबाची स्थापना १८४६ साली झाली. १९६० साली अखिल भारतीय संघटना निघाली. १९८२ च्या आशियाई स्पर्धांतील होड्यांच्या शर्यती मुंबईसच झाल्या, आणि त्यांत फारुख तारापोर व झरीर करंजिया यांनी ‘फायरबॉल’ वर्गाचे सुवर्णपदक मिळवले. बंगळूर समुद्रापासून दूर खरे. पण तेथील हलसूर तलावालगतच मद्रास सॅपर्सचे ठाणे आहे, आणि लष्कराच्या या अभियंता दलाच्या मंडळींनीच ‘तृष्णा’ या शिडाच्या नौकेतून १९८५ ते १९८७ या काळात पृथ्वीप्रदक्षिणा पुरी केली. मुंबईहून निघून मुंबईसच परतलेली ती पहिली भारतीय नौका.

तरीही जेव्हा केव्हा आपल्याकडे एखाद्या तळ्याकाठी अशा छोट्या होड्यांचा क्लब निघेल, तेव्हा त्याला होडीपेक्षा एका वेगळ्याच गोष्टीची अडचण जाणवेल. आपल्याकडे माणूस क्लबात येताना आपला हुद्दा घरी ठेवून येत नाही. कोणी निवृत्त न्यायाधीश असतो, कोणी कारखान्याचा संचालक, कोणी त्याच कारखान्यातील कनिष्ठ अभियंता. संचालकांची होडी डाव्या अंगाने वारा घेऊन आडवी आली, तर कनिष्ठ अभियंता तोंड उघडील काय? तो बहुधा आपली होडी मुकाट्याने बाजूला घेईल. संचालकांना आपली चूक कळणारही नाही. आणि पाच वर्षांनी आपण उत्तम खेळाडू आहोत असा त्यांचा प्रामाणिक समज झालेला असेल. भिडेने नियम मोडतो तो लबाडीने मोडणाऱ्यापेक्षा कमी नुकसान करतो असे नाही. लबाडाला निदान आपण काय करतो याची जाणीव असते.

या व्याधीवर छोट्या होड्यांच्या नियमावलीत एक साधा उपाय आहे. तेथे कोणी कोणाला नावाने हाक मारायची नाही. प्रत्येक शिडावर मोठा आकडा रंगवलेला असतो. जे बोलायचे ते त्या आकड्याशी. ‘तीन-चार, माझा उजवा वारा!’ किंवा ‘एक-दोन, तीन-चारवर हरकत!’ एवढेच शब्द काठावर ऐकू येतात. चौतीस म्हणजे न्यायाधीश असतील, बारा म्हणजे शाळकरी मुलगा असेल. पण त्या क्षणी तेथे साहेब नसतो, राव नसतो, पंत नसतो. दोन आकडे असतात आणि त्यांच्यामध्ये एक नियम असतो. वडीलधाऱ्यांचा मान राखण्याची आपली रीत चांगलीच आहे. शर्यत संपली की तो मुलगा न्यायाधीशांना वाकून नमस्कार करील, आणि त्याने तो करावाही. परंतु शर्यत चालू असताना त्याने ‘तीन-चार’ म्हणून पुकारले व चौतीसने निमूटपणे गिरकी घेतली, तर त्या मुलाला नागरिकशास्त्राचा जो पाठ मिळेल तो कोणत्याही पाठ्यपुस्तकातून मिळणार नाही. आणि न्यायाधीशांनाही तो मिळेल, हे विसरून चालणार नाही.

शर्यतींच्या मालिकेत गुणांची पद्धत अशी आहे की पहिल्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला तीन; आणि ज्याचे गुण सर्वांत कमी तो विजयी. अनेक फेऱ्यांतून सर्वांत वाईट फेरी वगळण्याचीही सोय असते. वारा पडला, दोरी गुंतली, अंदाज चुकला, तर तो एक दिवस हिशेबातून पुसला जातो. माणसाला दुर्दैवाची माफी असते, अकौशल्याचीही असते. पण अप्रामाणिकपणाने खेळल्याबद्दल जो बाद ठरला, त्याची ती फेरी वगळता येत नाही. ती अखेरपर्यंत त्याच्या नावावर राहते. खेळाने माफ करावयाचे काय व न करावयाचे काय, याचा निवाडा यापेक्षा थोडक्यात करता येणार नाही.

क्लबाच्या भिंतीवर जेत्यांच्या नावांची पाटी असते. गिरकी घेणाऱ्यांची पाटी कोठेही नसते. संध्याकाळचे ऊन उतरले आहे, निरीक्षक दुसरीकडे पाहत आहे, समोरच्यालाही काही कळलेले नाही, आणि पहिल्या क्रमांकावर असलेली एक होडी एकाएकी बाजूला होऊन जागच्या जागी एक वर्तुळ काढते. काठावरच्या बघ्यांना वाटते, वारा फिरला असावा. त्या होडीमागून आलेल्या तीन होड्या पुढे निघून जातात. त्या वर्तुळाचा माग पाण्यावर घटकाभरही राहत नाही. तरी सर्व क्लब, सर्व शर्यती आणि सर्व नियमावली ज्या पायावर उभ्या असतात, तो पाया तेवढाच असतो.